उजळू नये

खोडाळा,
६ जानेवारी २०२५

चि. रोहिणीस,

अनेक आशीर्वाद. पत्राला फार उशीर झाला, त्याची आधी माफी मागतो. नऊ महिने झाले. लिहायला बसलो की काहीतरी निघायचं. भात कापायचं होतं, मग झोडायचं होतं, मग नागली, मग माझा खोकला. आता काहीच उरलं नाही म्हणून लिहितो. फोन केला असता, पण माझ्या नंबरावरून तुझा फोन वाजत नाही हे तुला माहीत आहे. आईशी तू बोलतेस. ती फोन घेऊन आंब्याखाली जाते आणि मी जवळ गेलो की म्हणते, "रेंज गेली." माझ्या पायांची चाहूल लागली की पळणारी ही कसली रेंज?

पत्ता कोणी दिला ते विचारू नकोस. तुझा चुलतभाऊ तहसीलात कारकून आहे, सरकारी नोकरीतल्या माणसाचं नाव भांडणात नको. नाशिकला थंडी फार म्हणतात. होस्टेलात गरम पाणी देतात का? नसतील देत तर डोकं रोज धुऊ नकोस.

कामाचं लिहितो. काल नीलेश मोखाड्याहून आला होता. मुखवट्यांची नोंद करणाऱ्या त्या मुंबईच्या संस्थेचं पुस्तक निघतंय. गावांची नावं तपासायला त्याची कच्ची प्रत तहसीलात आली. त्यात आपल्या त्राटिकेच्या मुखवट्याचा फोटो आहे, आणि खाली छापलंय की स्थानिक अनुवादिका रोहिणी देवराम यांनी सूचनेचा अर्थ उलटा सांगितल्यामुळे या सोंगाचा जुना रंग कायमचा नष्ट झाला. तुझं पूर्ण नाव आहे. नीलेश म्हणाला, "काका, हे पुस्तक कॉलेजाकॉलेजात जाणार. ताईला उद्या कोणी भाषेचं काम देईल का?"

मला रात्रभर झोप नाही.

गेल्या वर्षी जे झालं त्याला तू लबाडी म्हणालीस. मी गैरसमज म्हणतो. त्या संस्थेच्या मॅडमचा सूचनेचा कागद इंग्रजीत होता. मी सातवीतून उठलेला माणूस. खाली तू मराठीत चिठ्ठी लिहून डकवली होतीस, ती मी घाईत नीट वाचली नाही. होळीनंतरच्या मंगळवारी सोंगांना रंग द्यायची आपली रीत, हाताला पंचेचाळीस वर्षांची सवय, दिला रंग. शुक्रवारी मॅडम आल्या, फडकं सोडलं, तर त्राटिका नव्या ऑइलपेंटमध्ये चकचकीत. त्यांनी बोट लावून बघितलं. सगळे माझ्याकडे बघताहेत. माझ्या तोंडून निघालं, "पोरीनेच सांगितलं, उजळून ठेवा म्हणून." निघालं ते निघालं. त्याने तुझं काम जाईल हे मला काय ठाऊक?

ती चिठ्ठी आता घरात सापडत नाही. उंदीर फार झालेत.

मॅडमना मी काहीतरी लिहीन म्हणतो. काय लिहू ते तू सांग. तुला पटेल असं लिहू, मलाही झेपेल असं. पाकिटात तुझा पत्ता घातलेलं दुसरं पाकीट... नाही, माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलंय. तिकीट लावलंय.

तुझा बाप,
देवराम


९ फेब्रुवारी २०२५

चि. रोहिणीस,

आशीर्वाद. उत्तर नाही. पोस्टमन म्हणतो, पत्र पोचलं असणार. मी म्हटलं, असणार म्हणजे काय? तो म्हणाला, "बाबा, मी नाशिकला जाऊन बघू का?" हल्ली कोणाला धड बोलायला नको.

तुझी आई त्या पत्राबद्दल विचारत होती.

"काय लिवलं पोरीला?"

"गैरसमज झाला म्हणून लिहिलं."

"कुनाचा?"

"माझा."

"तुमचा कवा झाला गैरसमज? तुमाला सगळं समजत व्हतं, डोकऱ्या. नाय समजलं ते मला. या घरात जल्म काढला ते."

मग ती शेळ्यांना पाला टाकायला गेली, आणि तिकडून शेळ्यांशीच बोलत होती. ते सगळं मलाच होतं.

तुझी डिक्शनरी अजून फळीवर आहे. नेली नाहीस. गेले दोन आठवडे मी ती काढून बसतो. इंग्रजी अक्षरं मला एकेक करून लागतात, बैल गाळातून निघावा तशी. मॅडमच्या कागदातला तो शब्द मी शोधला. ब्राइटन. बाजूला तुझ्या हातचं पेन्सिलीने बारीक लिहिलंय. ते वाचायला मला चष्मा लागला नाही, कारण त्यात काय आहे हे मला पाठ आहे. तूच सांगितलं होतंस. ओट्यावर बसून, मी चिंचोक्याची खळ ढवळत होतो तेव्हा.

तू म्हणालीस, "बाबा, हा शब्द हजार वर्षांहून जुना. आधी नुसता बेओर्ह्ट होता, म्हणजे चमकणारं. त्याचं ब्राइट झालं, त्याला शेपूट लागलं आणि ब्राइटन झाला. आभाळ आपसूक उजळतं तरी हाच शब्द, आणि तुम्ही हाताने सोंग उजळता तरी हाच. माणसाचा चेहरा उजळला तरी हाच." आणि म्हणालीस की त्याचं मूळ आणखी मागे नेलं तर आपल्याकडे येतं. संस्कृतात भ्राज म्हणजे चमकणं. जुनी पुस्तकं ज्याच्या सालीवर लिहायचे ते भूर्जाचं झाड आणि इंग्रजांचं पांढऱ्या सालीचं बर्च, ही सगळी एकाच घरातून फुटलेली मानतात, साल पांढरी चमकते म्हणून.

मी विचारलं, "मग आपला कांडोळ? सूर्यमाळच्या उतारावर उन्हाळ्यात पांढरा फटक उभा असतो तो?"

तू हसलीस. "तो त्यांच्यातला नाय बाबा. पण बसवा भाऊबंदांत. कोण विचारायला येतंय?"

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. माझ्या पोरीला शब्दांची कुळं ठाऊक आहेत, आणि मी जे काम जन्मभर केलं त्याला साता समुद्रापार नाव आहे. तू हेही सांगितलंस की मॅडमच्या कागदात आधी फक्त 'साफ करू नये' होतं. तूच त्यांना म्हणालीस, आमची माणसं म्हणतील आम्ही साफ कुठं केलं, आम्ही फक्त उजळलं. म्हणून तो शब्द तू घालायला लावलास. खाली मराठीत लिहिलंस, 'साफ करू नये, उजळू नये.' अक्षर मोठं काढलंस, मला दिसावं म्हणून.

तेव्हा गैरसमज झाला नव्हता. हे मी लिहून देतो. सगळ्या इंग्रजीतला मला नीट समजलेला शब्द एकच, आणि त्याचाच अर्थ पोरीला आला नाही असं मी चारचौघांत म्हणालो.

पण माझीही बाजू असते. सोंग फार फिकं पडलं होतं. बोहाड्यात देवीदेवतांच्या रांगेत फिका चेहरा घेऊन नाचायला उतरायचं, लोक काय म्हणतील? देवराम म्हातारा झाला, हात चालत नाही. म्हणून उजळलं. एवढंच कारण. तू विश्वास ठेव.

खोकला आहेच.

देवराम


२ मार्च २०२५

रोहिणी,

मागच्या पत्रातलं कारण खरं नाही. ते टाकल्यापासून दर जेवणाला अर्ध्या ताटावरून उठतोय. तुझी आई म्हणते हे हरभऱ्याचं आहे. हरभरा मी खाल्लाच नाही.

खरं कारण जिवा.

तुला तो फक्त भट्टीवर जाणारा जिवा म्हणून ठाऊक आहे. होळीला येतो, पावसात असतो, दिवाळी झाली की बायकोपोरं घेऊन वसईकडे विटा पाडायला. त्याचा बाप तुका माझ्या बरोबरीचा होता. त्राटिका त्याच्या घरची. पांगाऱ्याचं लाकूड त्याच्या आज्याने कोरलं, रंग तुका द्यायचा. जगायला बाहेर जाणारी माणसं आपले देव आणि सोंगं मागे राहणाऱ्याच्या घरी ठेवून जातात, तसा तुका आमच्याकडे ठेवून गेला. त्याच्या घरावर गवत होतं, आमच्या घरावर कौलं. मला म्हणाला, "देवा, शिमग्याला येतो. उंदरापासून जप." शिमग्याला त्याचा निरोप आला. तापाने गेला. जिवा तेव्हा रांगत होता.

मंगळवार आला. पाड्याची रीत तुला ठाऊक आहे. ज्याच्या हातचा रंग लागेल, त्या वर्षी सोंग त्याच्या घरचं. नाचायचा मान त्याचा. रंग लागलाच नाही तर सोंग पाटावर ठेवायचं, मग ते कोणीही मागावं. मी रंग दिला. कोणीतरी द्यायलाच हवा होता. त्या वर्षी ते बरोबर होतं. पुढची चव्वेचाळीस वर्षं बरोबर नव्हतं. जिवा मोठा झाल्यावर एकदा मंगळवारी सकाळी रंगाचा डबा घेऊन आला होता. मी सूर्य वर यायच्या आत काम उरकून बसलो होतो. त्याने ओलं सोंग पाहिलं, डबा घेऊन परत गेला. त्यानंतर दर वर्षी मी लवकर उठत गेलो.

एक मात्र मी पाळलं. कपाळावर तुकाने चांद काढला होता, पांढऱ्या मातीचा, बारीक. त्यावर मी कधी ब्रश फिरवला नाही. गाल रंगवायचे, जीभ, दात, पण कपाळ सोडायचं. मॅडमना हवा होता तो तोच जुना रंग.

गेल्या वर्षी तू मला मॅडमच्या इंग्रजी कागदावर सही करायला लावलीस की उजळणार नाही. मी केली. मला वाटलं, मुंबईचा कागद आहे, पाड्याची रीत एक वर्ष थांबेल. होळीच्या दिवशी जिवा आला. ओट्याच्या खालीच उभा राहिला.

"काका, यंदा तुमी रंगवायचं नाय म्हनं."

"नाही. पोरीने लिहून घेतलंय."

"मंग मंगळवारी सोंग पाटावर येल."

"तर?"

"तर मी मागनार. आनि त्या मॅडमला सांगनार, कपाळ माज्या बापाच्या हातचं हाय."

एवढंच बोलला. भांडला नाही. मी घरात आलो आणि दाराला आतून कडी लावली. अख्ख्या तालुक्यात मला देवराम म्हणून कोणी ओळखत नाही, त्राटिकेवाला म्हणतात. रेशनच्या दुकानातसुद्धा. ते गेलं की मी कोण? खोकणारा म्हातारा.

मंगळवारी मी उजळलं, आणि कपाळसुद्धा. चांदावरून तीन हात फिरवले, लाल. म्हणजे जिवाला दाखवायला काही राहू नये. तुझी चिठ्ठी मी चुलीत घातली. तुझी आई समोर भाकरी थापत होती. तिने पाहिलं. म्हणाली, "काय जाळलं?" मी म्हटलं, रद्दी. तिने तुला हे कधीच सांगितलं असेल. तू वाट बघत असशील की मी कधी सांगतो.

तर सांगितलं. आता तरी उत्तर दे. शिव्या दे. तुझ्या आईला तोंडी सांगू नकोस, ती मला अर्ध्याच सांगते.

बाबा


२० मार्च २०२५

रोहिणी,

पाकीट परत आलं नाही म्हणजे पत्रं तुला मिळताहेत.

मॅडमना मी सगळं लिहून पाठवलं. दोन पानं. खाली माझी सही आणि तुझ्या आईचा अंगठा. अंगठा देताना म्हणाली, "हे गावकीत वाचा आदी. मुंबईला सांगायचं आनि गावाला लपवायचं, हे कसलं खरं?" मी म्हटलं, गावकीत वाचलं तर सोंग जाईल. "मंग जाऊ द्या. पोर गेली तवा नाय वाटलं तुमाला, कायतरी जातंय."

होळीच्या दुसऱ्या दिवशी बोहाड्याचे मान ठरवायला सगळे बसले होते. मी उभा राहिलो आणि वाचलं. वाटलं होतं, कोणीतरी म्हणेल, देवराम, मोठं मन आहे तुझं. बाळ्या म्हणाला, "आमाला ठाऊकच व्हतं की. तुका माजा मामा व्हता." दुसरा म्हणाला, "काका, आज वाचलं, चाळीस वर्सं अक्षर लागत नव्हतं काय?" हसले सगळे. म्हणजे हे गाव जाणून होतं. मी ज्याच्यासाठी तुला बुडवलं, ते झाकलेलंच नव्हतं. फक्त कोणी बोलत नव्हतं.

जिवा हसला नाही. मी त्याला म्हटलं, "घे बाबा, तुझं तुला."

तो म्हणाला, "सोंग नको मला. कपाळावर चांद व्हता तो द्या."

कुठून देऊ?

मंगळवारी त्याने त्राटिका रंगवली, आपल्याच ओट्यावर. कोणाच्यातरी भिंतीचा उरलेला गुलाबी रंग आणला होता. ओघळ आले. ब्रश कसा धरावा हेही त्याला येत नाही, हात विटांचा आहे. मी चार वेळा ब्रश मागायला हात पुढे केला आणि मागे घेतला. शेवटी कपाळाशी येऊन थांबला. मला विचारलं, "कसा व्हता? तोंड कुनीकडं?"

मी म्हणालो, "डावीकडे."

त्याने काढला. आणि रोहिणी, मला खात्री नाही. पंचेचाळीस वर्षं ते कपाळ मी मांडीवर घेतलं, त्याला सोडून रंग दिला, आणि चांद डावीकडे उघडा होता की उजवीकडे ते मला आठवत नाही. तुझ्याकडे जुना फोटो असेल का? असला तर मला नको, जिवाला पाठव.

तो नाचणारही नाही. भट्टीवर आगाऊ बोलून आलाय, परवा गेला. बाळ्या नाचणार आहे. रेशनवाल्याने कालच त्याला हाक मारली, "काय त्राटिकेवाले!" मी मागे रांगेत होतो.

मॅडमच्या उत्तराची वाट बघतो. आलं की कळवतो. तूही कळव.

बाबा


१२ एप्रिल २०२५

चि. रोहिणीस,

मॅडमचं उत्तर आलं. मराठीत टाइप केलंय. आहे तसं उतरवतो, म्हणजे मी काही लपवलं असं तुला वाटायला नको.

'आपले पत्र मिळाले. गेल्या वर्षी आपण आम्हा चौघांसमोर सांगितले की मुलीने उजळून ठेवण्यास सांगितले. आता लिहिता की ते खोटे होते. आपले कोणते म्हणणे खरे मानावे, हे आम्ही ठरवू शकत नाही. आपल्या पत्नीची साक्ष घरातली आहे. रोहिणी यांना आम्ही दोनदा ईमेल केला, उत्तर आलेले नाही. त्यांनी स्वतः घडलेला प्रकार लिहून कळवल्यास मजकूर बदलू. ३० एप्रिलला पुस्तक छपाईला जाईल.'

तुझ्या आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "बाई बरोबर बोलली. तुमच्या शब्दाला कोन पुसतो?"

नीलेशने तुला फोन केला होता. तू म्हणालीस म्हणे, "मला काहीच लिहायचं नाही. छापू देत." तो बिचारा दोन दिवस मला सांगायला धजत नव्हता. मी तेव्हापासून विचार करतोय. तू लिहीत नाहीस कारण तुला किळस आली असेल. माझ्या लबाडीची साक्ष द्यायला पोरीने आपल्या हाताने बापाला लबाड लिहायचं, हे कोणाला आवडेल? की तुला ते छापूनच हवंय? ते पुस्तक कायम राहील, मी असेपर्यंत दर वर्षी कोणीतरी ते उघडेल, आणि मला कळत राहील. तसं असेल तर मला शिक्षा बरोबर आहे. पण त्यात नाव तुझं आहे, गं. माझं नाही. देवराम हे नाव फक्त तुझ्या नावाच्या मागे आहे.

तू हट्टी आहेस. तो हट्ट आईकडून आलेला नाही, ती तर सारखी बोलून मोकळी होते. गप्प बसून समोरच्याला झिजवायचं, हे तू माझ्याकडून घेतलंस. जिवाला मी तसंच झिजवलं. म्हणून सांगतो, त्यात काही मिळत नाही.

मी माफी मागून बघितली, रडून बघितलं, आता तेही नको. मला पत्र लिहू नकोस. बाबा म्हणू नकोस. घरी येऊ नकोस, मी अंगणात बसायचं बंद करीन. तू आलीस तर आईकडे बसून जा. पण मॅडमना चार ओळी लिही. बाप खोटं बोलला, असं सरळ लिही, त्याला दुसरा मऊ शब्द शोधू नकोस. तुला शब्द खूप येतात, म्हणून सांगतो.

आणि लिहिलंस की तेवढंच कोणाकडून तरी मला कळव. आईला सांग, नीलेशला सांग, पोस्टाचं कार्ड टाक, त्यावर काही लिहिलं नाहीस तरी चालेल, पत्ता तुझ्या हातचा असला की मी समजेन.

अठरा दिवस आहेत. हे पत्र पोचायला त्यातले चार जातील. तुझं यायला चार. मी रोज पोस्टमनला विचारीन आणि तो रोज मला काहीतरी खोचून बोलेल, ते चालेल. लवकर कळव.

देवराम